सात स्लाइस की पाच? एका ब्रेन हॅमरेजच्या स्कोअरचं प्रकरण

पेशंटची ओळख पटू नये म्हणून या लेखात गाव, वेळा आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. मोजमापं मात्र तशीच ठेवलीत, कारण सगळं प्रकरणच मोजमापांचं आहे.

जानेवारीचे दिवस, गुऱ्हाळांचा हंगाम ऐन भरात. करवीर तालुक्यातल्या एका गावातले ६६ वर्षांचे गुळव्या, म्हणजे गूळ करणारे कारागीर, पहाटे साडेचारला उसाचा रस आटवायच्या काहिलीपाशी उभे होते. काहील उतरवायच्या बेतात असताना त्यांचा डावा पाय वळला आणि ते गूळ ओतायच्या वाफ्याच्या कडेला बसले. धुरानं चक्कर आली असेल असं समजून कुणी पाणी मारलं, कुणी नाकाला कांदा लावला. मग उलटी झाली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, तेव्हा जीप काढली. सहा वाजून दहा मिनिटांनी ते आमच्या कॅज्युअल्टीत होते. बीपी २१४/१२२. बीपीची गोळी तीन आठवड्यांपासून बंद, कारण ‘आता बरं वाटतंय’. या एका कारणापायी आम्ही वर्षभरात किती बेड भरतो ते मोजायचं मी सोडून दिलंय.

सीटीत मेंदूच्या उजव्या बाजूला, खोल भागात, रक्तस्राव. थोडं रक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत, म्हणजे व्हेंट्रिकलमध्ये, उतरलेलं. रात्रपाळीच्या रेसिडेंटनं नियमाप्रमाणे आयसीएच स्कोअर, म्हणजे मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका गुणांत मोजायचा आकडा, काढला: ३. कागदावर लिहिलं, मला फोनवर सांगितलं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. नंतर कॉरिडॉरमध्ये मुलानं विचारलं, “सायेब, आमाला फिरवू नका, सरळ सांगा. आबा वाचत्यात का न्हाई?” आणि रेसिडेंटनं सरळ सांगितलं, “अशा केसमध्ये बहात्तर टक्के मृत्यू.”

मी आठ वाजता पोचलो तेव्हा बाहेर अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याशी बोलणं सुरू झालं होतं. आपल्याकडे ‘घरी नेतो’ या दोन शब्दांत सगळं येतं. शेवटचा श्वास घरात जावा, पाहुण्यांना तोंड बघता यावं आणि हेही की जमीन गहाण ठेवून जर माणूस जाणारच असेल तर कशाला. यातलं एकही कारण हलकं नाही. माझा आक्षेप त्या बहात्तरला होता.

स्कोअर काय बघतो ते आधी सांगतो. पाच गोष्टी. शुद्धीची पातळी, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, १३ ते १५ असेल तर शून्य गुण, ५ ते १२ असेल तर एक, ३ किंवा ४ असेल तर दोन. साकळलेलं रक्त ३० मि.ली. किंवा जास्त असेल तर एक. रक्त व्हेंट्रिकलमध्ये उतरलं असेल तर एक. रक्तस्राव मेंदूच्या खालच्या भागात, म्हणजे लहान मेंदूत किंवा ब्रेनस्टेममध्ये असेल तर एक. वय ८० किंवा पुढे असेल तर एक. बेरीज शून्य ते सहा. परीक्षेसारखं उलटं समजू नका, इथे जितके मार्क कमी तितकं बरं. (नातेवाईक मोबाइलवर शोधून ‘ग्रेड किती?’ असं विचारतात, तेव्हा त्यांना बहुधा धमनीचा फुगा फुटून होणाऱ्या रक्तस्रावाची हंट-हेस ग्रेड सापडलेली असते. ती १९६८ची, वेगळ्या आजाराची. इथे तिचा संबंध नाही.)

या पेशंटचे तीन गुण असे आले: शुद्धी १०, म्हणून एक, रक्त ३४.६ मि.ली., म्हणून एक. व्हेंट्रिकलमध्ये रक्त, म्हणून एक.

आता ते ३४.६ कुठून आलं? सीटीच्या पडद्यावर आकारमान मोजायची सोपी रीत आहे, ‘एबीसी भागिले दोन’. सीटी मेंदूचे आडवे छेद दाखवतो, त्या एकेका चकतीला स्लाइस म्हणतात. साकळलेल्या रक्ताची गाठ ज्या स्लाइसवर सगळ्यात मोठी दिसते तिच्यावर लांबी घ्यायची, तिला काटकोनात रुंदी घ्यायची, आणि गाठ किती स्लाइसवर दिसते त्यावरून उंची काढायची. तिन्हींचा गुणाकार करून निम्मा करायचा. लंबगोलाचं घनफळ काढताना त्याच तीन मापांच्या गुणाकाराला सुमारे ०.५२ने गुणावं लागतं, ते निम्म्याच्या इतकं जवळ आहे की अंधाऱ्या रिपोर्टिंग रूममध्ये मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागतं. आमच्या पेशंटची लांबी ५.२ सें.मी., रुंदी ३.८. स्लाइस अर्ध्या सेंटिमीटरच्या, गाठ सातांवर दिसत होती, म्हणून उंची ३.५. हिशोब बरोबर, ३४.६.

फक्त स्लाइस मोजायला एक नियम आहे, आणि तो घाईत हमखास विसरला जातो. ज्या स्लाइसवरची गाठ सर्वांत मोठ्या गाठीच्या तीन चतुर्थांशाहून मोठी आहे, ती पूर्ण एक धरायची. पाव ते पाऊण असेल तर अर्धी. पावाहूनही लहान असेल तर धरायचीच नाही. रक्ताची गाठ नारळासारखी असते, वर-खाली निमुळती होत जाते. टोकाच्या चकत्या पूर्ण मापाच्या धरल्या तर नारळाचा डबा होतो. मी रेसिडेंटला शेजारी बसवून पुन्हा मोजलं. चार पूर्ण, दोन अर्ध्या, एक टाकायची. सातांच्या पाच झाल्या. उंची ३.५ऐवजी २.५. आकारमान २४.७ मि.ली.

आकारमान ३० मि.ली.च्या रेघेखाली राहिलं. स्कोअर ३ऐवजी २. आणि मूळ तक्त्यात दोनपुढे लिहिलेला आकडा २६ टक्के आहे.

तोच पेशंट, तेच सीटी, तीच सकाळ. मेंदूत थेंबभरही फरक पडलेला नाही, आणि कॉरिडॉरमधल्या माणसाला सांगायचा आकडा बहात्तरवरून सव्वीसवर आला. तरुण डॉक्टर ओशाळला. मी त्याला रागावलो नाही. पंधरा वर्षांपूर्वी मीही सगळ्या स्लाइस पूर्ण धरत होतो आणि मला कुणी शेजारी बसवलं नव्हतं.

शुद्धीच्या मोजणीतही एक गंमत होती. ग्लासगो स्केल १९७४ साली टीसडेल आणि जेनेट यांनी केलं. डोळे उघडण्याचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा, असे जास्तीत जास्त पंधरा गुण. आमच्या पेशंटला बोलण्याचे तीन दिले होते, म्हणजे ‘असंबद्ध शब्द’. का? तर ते सारखे ‘गोळी, गोळी बघा’ म्हणत होते. रेसिडेंट विदर्भातला. त्याला वाटलं बीपीची गोळी मागतायत, मध्येच थांबतायत, काही अर्थ लागत नाही. मुलगा म्हणाला, “न्हाई वो, काहिलीची गोळी.” पाक झाला की नाही हे गुळव्या असंच बघतो. थोडा पाक थंड पाण्यात टाकायचा आणि बोटांत त्याची गोळी वळते का पाहायची. माणूस मनानं अजून गुऱ्हाळावर होता. जागा चुकली होती, वाक्यं तुटक होती, पण बोलण्याला धागा होता. ‘गोंधळलेलं बोलणं’ धरून मी चार दिले. दहाचे अकरा झाले. स्कोअरच्या दृष्टीनं फरक शून्य, कारण ५ ते १२ सगळे एकाच खणात. पण हाच प्रकार बारा आणि तेराच्या उंबरठ्यावर घडला असता तर एक गुण भाषेनं हलवला असता. इंग्रजी तक्ता हातात घेऊन कोल्हापुरी माणसाचं बोलणं मोजताना घरचं माणूस शेजारी हवं, हे माझं ठाम मत आहे.

बहात्तर टक्के म्हणजे नेमके कोण, हेही एकदा बघू. क्लॉड हेम्फिल आणि सहकाऱ्यांनी हा स्कोअर २००१ साली ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात मांडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात १९९७-९८मध्ये आलेले १५२ पेशंट, एवढाच त्याचा पाया. त्यातल्या ३२ जणांचा स्कोअर तीन होता, आणि महिन्याभरात त्यातले २३ गेले. झाले बहात्तर टक्के. स्कोअर दोन असलेले २७ होते, त्यातले ७ गेले. एक असलेले ३२, त्यातले ४ गेले. शून्यवाले २६, सगळे वाचले. चारवाले २९, एक सोडून सगळे गेले. पाचवाले सहाच्या सहा गेले. सहा गुणांचा तर त्या यादीत एकही पेशंट नव्हता. नंतर जगभर हा स्कोअर तपासला गेला आणि चढत्या गुणाला चढता धोका हा क्रम टिकला, म्हणून तर आम्ही तो वापरतो. पण टिकला तो क्रम. ‘बहात्तर’ हा आकडा त्या बत्तीस माणसांचा, त्या शहरातला, त्या काळच्या उपचारांचा आहे.

त्या काळच्या उपचारांचा, यावर थोडं रेंगाळतो, कारण खरी अडचण तिथे आहे. त्याच वर्षी, २००१मध्येच, किरा बेकर आणि सहकाऱ्यांनी सिएटलमधून एक निबंध छापला. सांगणं असं, की मेंदूतल्या रक्तस्रावात पेशंटचं काय होणार हे ठरवणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याला किती उपचार दिले जातात. डॉक्टरांना वाटतं वाचणार नाही, उपचार थांबतात, पेशंट जातो, आणि तो मृत्यू पुढच्या तक्त्यात ‘गंभीर आजारामुळे’ म्हणून नोंदवला जातो. पुढचा डॉक्टर तो तक्ता बघतो. पुढे २०१५ साली उलट बाजूनं एक अभ्यास आला. शुद्धी बारा किंवा कमी असलेले १०९ पेशंट, पहिले पाच दिवस कुणाचेही उपचार आखडते घ्यायचे नाहीत असं ठरवलेलं. स्कोअरच्या हिशोबानं निम्मे जायला हवे होते. तीस दिवसांत गेले सुमारे वीस टक्के.

अमेरिकेत याला ‘डू नॉट रिससिटेट’चा, म्हणजे हृदय थांबलं तर पुन्हा चालू करू नका असा, कागद तरी असतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये घालून दिलेली आणि २०२३मध्ये सोपी केलेली उपचार थांबवायची रीत आहे, पण तालुक्याच्या गावातल्या घरापर्यंत ती पोचलेली मी पाहिली नाही. आपल्याकडे ‘स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत’ या ओळीखाली अंगठा किंवा सही असते. नळी निघते, गाडी गगनबावड्याच्या किंवा राधानगरीच्या रस्त्याला लागते आणि तो पेशंट आमच्या कुठल्याच नोंदीत मृत्यू म्हणून येत नाही. तो आमचा स्कोअर चुकला की बरोबर आला, हे कधीच कळत नाही.

परत सकाळच्या साडेआठवर येतो. मुलगा, त्याचा चुलता आणि गावचे एक पाव्हणे यांना मी कॉन्फरन्स रूम म्हणवल्या जाणाऱ्या, खरं तर सलाइनची खोकी ठेवलेल्या खोलीत बसवलं. मी टक्के बोललो नाही. म्हणालो, “एका जुन्या अभ्यासात आबांसारखे सत्तावीस पेशंट होते. सात गेले, वीस जगले. पण जगले म्हणजे सगळे चालायला लागले असं नाही. आणि आबा त्या सत्तावीसातले नाहीत, ते अठ्ठाविसावे आहेत.” आधी बहात्तर का सांगितलं हेही सांगितलं: मोजताना आमची चूक झाली. चुलत्यांनी लगेच विचारलं, “मग हे तरी बरोबर मोजलंय कशावरनं?” प्रश्न रास्त होता. मी पडद्यावर स्लाइस दाखवल्या. त्यांनी त्या पाहिल्या, काही कळलं असेल असं नाही, पण गडी गप्प झाला.

एक गोष्ट मागितली: दोन पूर्ण दिवस. हा आकडा मनचा नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२च्या मार्गदर्शनात तेच आहे. नुसत्या स्कोअरवर उपचार आखडू नयेत, आणि आधीपासून तशी इच्छा नोंदवलेली नसेल तर असा निर्णय निदान दाखल झाल्याच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत पुढे ढकलावा.

मुलगा बराच वेळ फरशीकडे बघत होता. मग चुलत्याला म्हणाला, “एकदाच गोळी बघून काहील उतरवत न्हाईत, काका.” अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याला फोन करून परत पाठवलं. सरकारी आरोग्य योजनेत बसतंय का हे विचारायला पाव्हणे आरोग्यमित्राच्या खिडकीकडे गेले.

औषधोपचाराचं थोडक्यात सांगतो. लॅबेटॅलॉलच्या इन्फ्युजननं वरचं बीपी १४०च्या आसपास आणलं, १३०च्या खाली जाऊ दिलं नाही. साखर आणि ताप यांच्यावर लक्ष. रक्त पातळ करणारं औषध सुरू नव्हतं, रक्त गोठण्याच्या चाचण्या ठीक होत्या. डोकं उघडून गाठ काढायची का, यावर न्यूरोसर्जनशी बोललो. खोल जागेतल्या अशा गाठीला घाईनं हात लावून सरसकट फायदा होत नाही, हे २००५च्या मोठ्या चाचणीत दिसलेलंच होतं. थांबायचं ठरलं.

दुपारी साडेबाराला थांबणं संपलं. डोळे उघडेनात, आवाजाला नुसतं कण्हणं, वेदनेच्या जागी मात्र उजवा हात अजून पोचत होता. शुद्धी आठ. पुन्हा सीटी. गाठ ५.४ बाय ४.१, नियमानं मोजलेल्या साडेपाच स्लाइस, म्हणजे उंची २.७५. आकारमान ३०.४. व्हेंट्रिकल फुगलेले, रक्तानं पाण्याची वाट अडवलेली.

म्हणजे स्कोअर परत तीन? आमच्या टीममधल्या एकानं तसं म्हटलंच. आणि इथे दोन गोष्टी आहेत. पहिली, हा स्कोअर दाखल होतानाच्या स्थितीवर बांधलाय. दर सीटीला नव्यानं काढून तक्त्यात टक्का शोधणं म्हणजे सकाळच्या बाजारभावावर संध्याकाळचा माल विकणं. दुसरी, ५.७ मि.ली.ची वाढ. ६ मि.ली.हून किंवा ३३ टक्क्यांहून जास्त असेल तर ‘गाठ वाढली’ म्हणायची सर्वसाधारण पद्धत. ही वाढ २३ टक्के, म्हणजे दोन्ही रेघांच्या आतली, आणि हातानं मोजताना तेवढा फरक मोजणाऱ्याच्या बोटानंही पडतो. पहिल्या दिवसात साधारण तिघांतल्या एकाची गाठ वाढतेच. २९ आणि ३१ मि.ली. यांत मेंदूला काही कळत नाही. रेघ तक्त्यात आहे, डोक्यात नाही.

सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच होती: पाणी तुंबलंय आणि ते काढता येतं. ही गोष्ट स्कोअरच्या पाच खणांपैकी एकाही खणात बसत नाही. व्हेंट्रिकलमध्ये रक्त, एक गुण, एवढंच तो म्हणतो. त्या रक्तानं वाट अडली की नाही, अडली तर नळी घालणारा हात दोन तासांत मिळतो की पुण्याला पाठवायला लागतं, हे तो विचारत नाही. न्यूरोसर्जन अडीचला आले, व्हेंटिलेटर लावून बाहेरून पाणी काढणारी नळी घातली. लाल पाणी बऱ्यापैकी जोरानं आलं.

मुलाला मी दुपारी बाहेर येऊन सगळं सांगितलं, तीनचा आकडाही लपवला नाही. त्यानं फक्त विचारलं, “परवापर्यंतच ना?” परवापर्यंतच, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काही घडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं बोलावलं: हाक मारली की डोळे उघडतायत. सहाव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला, नवव्याला नळी. मध्ये न्युमोनिया झाला आणि त्यानं आम्हाला रक्तस्रावाहून जास्त जागवलं. चोविसाव्या दिवशी घरी, खुर्चीत बसून, डावी बाजू जवळजवळ लुळी.

आबा दाखल झाले त्याच आठवड्यात एक ५८ वर्षांच्या बाई होत्या. नियमानं मोजून स्कोअर दोन, सगळं हाताशी, नातेवाईक खंबीर. पाचव्या दिवशी गेल्या. सत्तावीसातल्या सातांत कुणीतरी असतंच, आणि ते कोण हे स्कोअर सांगत नाही. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर वरची गोष्ट वाचून कुणाला वाटायचं की नीट मोजलं की माणूस वाचतो.

आबांच्या घरच्यांचा खरा प्रश्न मात्र स्कोअरच्या कक्षेत कधीच नव्हता. हा स्कोअर तीस दिवसांत जगणं-मरणं एवढंच सांगतो. त्यांना विचारायचं होतं: गुऱ्हाळावर उभे राहतील का, परसाकडला आपापले जातील का, माणसं ओळखतील का. स्वावलंबनाचा अंदाज बांधायला २००८मध्ये बोस्टनकडून आलेला ‘फंक’ स्कोअर आहे, शून्य ते अकरा, तिथे मात्र जास्त गुण म्हणजे बरं. आकारमान, वय, जागा, शुद्धी यांच्यासोबत तो आधीपासून विसरभोळेपणा होता का हेही विचारतो, आणि मला हा प्रश्न फार शहाणा वाटतो. पण तिथेही तीच ३०ची रेघ: २४.७ला चार गुण, ३०.४ला दोन. सकाळच्या मोजणीनं आबांना अकरापैकी दहा. सात स्लाइस पूर्ण धरून काढले असते तर आठ.

तीन महिन्यांनी त्यांना उठवायला माणूस लागायचा. पुढच्या नोव्हेंबरात, नवा हंगाम सुरू झाल्यावर, ते ओपीडीत काठी टेकत स्वतः चालत आले. डाव्या हातानं सदऱ्याची गुंडी लागत नाही. बीपी १३८. गोळ्यांचं पाकीट मुलानं न विचारता दाखवलं. काहिलीपाशी आता मुलगा उभा राहतो. आबा खुर्चीत बसून ‘अजून, अजून’ म्हणतात आणि त्यावरून दोघांची रोज वादावादी होते, अशी सुनेची तक्रार होती.

आमच्या स्ट्रोकच्या कागदावर आकारमानाच्या शेजारी एक रकाना वाढवलाय: ‘पूर्ण किती, अर्ध्या किती, टाकल्या किती’. पहिला महिना तो बहुतेक कोराच यायचा. आता भरून येतो, रात्रपाळीला सोडून.